शेवटच्या सर्वेक्षणात न सापडलेली मुलं : सीएसआर समित्यांना एक खुले पत्र

प्रति,
किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी देणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) समित्या,
आणि त्या निधीचं मूल्यमापन करायला गावात येणाऱ्या संस्था

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये मी आठ वर्षं समुपदेशक होते. माझा पगार एका संस्थेकडून यायचा आणि संस्थेला पैसे तुमच्यासारख्याच एका कंपनीकडून. नंतरची दोन वर्षं मी पलीकडे गेले. हातात टॅब घेऊन दुसऱ्यांच्या प्रकल्पांचं सर्वेक्षण करू लागले. म्हणजे फॉर्म भरून देणं आणि भरून घेणं, दोन्ही बाजूंनी झालंय. कंपनीचं किंवा संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे तेवढ्यावरच बोलत बसतील, आणि जे सांगायचंय ते फक्त त्या दोघांपुरतं नाही.

तुमची भेट असायची त्या दिवशीपासून सुरुवात करते. गाडी येण्याआधी दारात रांगोळी, मुलींच्या हातात गुलाबाची फुलं, हेडसरांच्या केबिनमध्ये पोहे. मग एका वर्गात चाळीस मुलं बसवलेली आणि तुमच्यातल्या कुणी विचारलेलं, "ताईंशी बोलून बरं वाटतं ना?" सगळे हात वर. मीही कोपऱ्यात उभी राहून हसायचे. संध्याकाळी हसऱ्या चेहऱ्यांवर खुणा केलेले फॉर्म गोळा व्हायचे आणि 'समाधानी लाभार्थी' या रकान्यात शंभराच्या जवळ जाणारा आकडा बसायचा. वर्गात हात वर न करणारं मूल आमच्याकडे क्वचितच असतं, हे एखाद्या पाचवीच्या पोरानंही तुम्हाला सांगितलं असतं.

मुलं खोटं बोलत होती असं मला म्हणायचं नाही. त्यांना खरंच बरं वाटत असेल. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक समाजसेवेच्या जगाला फार महागात पडून कळलेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांमध्ये १९३९ ते १९४५ या काळात एक कार्यक्रम झाला. वाट चुकण्याची शक्यता वाटणारी ५०६ मुलं निवडली, त्यांच्या सारख्या-सारख्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत दिली. मदत म्हणजे घरभेटी, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, मनातलं बोलायला एक मोठं माणूस. तुमच्या आमच्या प्रस्तावात असतं तेच सगळं, फक्त जास्त वर्षं आणि जास्त मनापासून. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्यातले बहुतेक सगळे पुरुष हुडकून काढले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, फार उपयोग झाला. पण नोंदी तपासल्या तेव्हा दारू, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणं, लवकर मरण येणं अशा काही बाबतींत मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत निघाली.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. त्या नाण्याची दुसरी बाजू नसती तर कुणाला काही कळलंच नसतं. हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्म तेवढे उरले असते.

आता आमच्याकडचं सांगते.

पहिली गोष्ट महिन्यांची. तुमचा निधी हलेहलेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. त्यामुळे बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, जानेवारी-फेब्रुवारीत उरकली जाते. नववीच्या मुलांसाठी वर्षातले हे सगळ्यात वाईट दिवस. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच गाळायची पद्धत आमच्याकडे किती शाळांत आहे ते तुम्ही एखाद्या शिक्षकाला खासगीत विचारा. त्या दिवसांत 'गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली नाही असं किती दिवस झालं' या प्रश्नाला मुलं काय उत्तर देणार? मग शेवटची मोजणी होते ऑगस्टमध्ये. पाऊस झालेला, पोळा तोंडावर, परीक्षा लांब, आणि ज्यांना गाळलं ती मुलं वर्गातच नाहीत. प्रश्नावलीतले गुण सुधारलेले दिसतात. यात माझा वाटा किती आणि श्रावणाचा किती? आम्ही मधल्या काळात मुलांना नुसता चहा पाजला असता तरी त्रासाचा आलेख खाली आला असता.

शिवाय मूल माझ्याकडे पाठवलं जातं तेच मुळात सगळ्यात बिघडलेल्या आठवड्यात. ताप चढल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो आणि ताप बऱ्याचदा आपोआपही उतरतो. श्रेय औषधाला. म्हणून शेजारी औषध न घेतलेलं कुणीतरी मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि ती मला जास्त सलते. एका प्रकल्पात बेसलाइन सुदैवाने ऑगस्टमध्ये झाली. एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, आली डिसेंबरात. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ थांबतात, बाकीची आई-बापाबरोबर जातात. डिसेंबरात मी वर्गात शिरले तेव्हा एका बाजूची निम्मी बाकं रिकामी होती. उरलेल्या मुलांचे फॉर्म भरून घेतले. उरलेली म्हणजे कोण? ज्यांच्या घरी थोडी शेती आहे, ज्यांचा बाप ड्रायव्हर आहे, दुकान आहे, ज्यांच्या घरात शाळेला किंमत आहे. त्यांचं मन तसंही थोडं बऱ्या अवस्थेत असायचं. सरासरी सुधारली.

त्या रिकाम्या बाकांपैकी एक बाक एका मुलीचं होतं. ऑगस्टमध्ये तिचे गुण वर्गात जवळजवळ सगळ्यात वाईट होते. नंतर सहा वेळा ती माझ्याशी बोलली. पहिल्या तीन वेळा फक्त डोकं दुखतं, पोट दुखतं, अंगात कणकण असते. चौथ्या वेळी म्हणाली, "घरात माझ्याबद्दल बोलतात आणि मी आले की गप्प होतात." मला कळायला हवं होतं. मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला. तसं माझ्या पुस्तिकेत होतं.

तोडीला जायच्या आधी तिचं लग्न लागलं. कोयता पुरा करायला जोडी लागते, आणि वयात आलेली पोरगी कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, एकटी कशी ठेवायची हा आई-बापाचा घोर, हे दोन्ही मी पुढे अनेकदा ऐकलं. टॅबमध्ये 'विद्यार्थी उपलब्ध नाही' याखाली चार पर्याय होते : आजारी, गैरहजर, शाळा सोडली, स्थलांतर. मी स्थलांतर निवडलं. लग्न हा पर्यायच नव्हता. अहवालात पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आलं की स्थलांतरामुळे काही विद्यार्थी अंतिम नमुन्यात नाहीत. तेवढंच. ज्या पोरीसाठी हा प्रकल्प असायला हवा होता तिच्या जाण्याने प्रकल्पाचा आकडा चांगला झाला, आणि हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. पुढच्या वर्षीचा करार व्हायचा होता. माझाही.

तिसरी गोष्ट उलट्या आकड्यांची. दुसऱ्या एका शाळेत वर्षअखेर गुण बिघडले. प्रकल्प समन्वयकांचा फोन आला, "हे उलटे कसे आले?" त्या शाळेतली मुलं सुरुवातीला सगळ्याच प्रश्नांना 'अजिबात नाही' म्हणायची. रडू येतं का, नाही. भीती वाटते का, नाही. वडील घरात मारतात म्हणणारा मुलगाही लेखी कागदावर 'नाही' लिहायचा, कारण कागद सरांच्या हातात जाणार अशी त्याची खात्री. वर्षभरात त्यांना कळलं की कागद सरांकडे जात नाही. मग त्यांनी खरं लिहिलं. माझ्या आठ वर्षांतलं बहुधा सगळ्यात चांगलं काम त्या शाळेत झालं, आणि अहवालात त्या शाळेसमोर लाल रंग आला. पुढच्या वर्षी यादीतून शाळा गेली.

प्रश्नावल्यांच्या मराठीबद्दल एक जाता जाता. 'गोष्टी करण्यात रस वाटत नाही' हे वाचून एका मुलाने मला विचारलं, "ताई, उसाचा का?" हसू नका, त्याच्या जगात रस म्हणजे तोच. आमची मुलं 'नैराश्य' म्हणत नाहीत. ती म्हणतात टेन्शन आलंय, डोकं जड झालंय, जीव रमत नाही, करमत नाही, छातीत धडधडतं. 'निम्म्याहून जास्त दिवस' या पर्यायावर तर वर्गच्या वर्ग अडतो. दिल्लीहून किंवा मुंबईहून भाषांतर होऊन आलेला फॉर्म एकदा गावातल्या पाच मुलांसमोर मोठ्याने वाचून बघायला किती वेळ लागतो?

आणि तो नववा प्रश्न. ज्यांनी नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली पाहिली आहे त्यांना माहीत आहे : मरून गेलेलं बरं असं वाटणं. सर्वेक्षक असताना एका मुलाने त्यावर बोट ठेवलं, 'जवळजवळ रोज'. टॅबने पुढचा प्रश्न आणला : घरात शौचालय आहे का. मी पर्यवेक्षकांना फोन केला. म्हणाले आजचा कोटा पूर्ण करा, संध्याकाळी बोलू. ती शाळा तुलनेसाठी घेतलेली होती, म्हणजे तिथे समुपदेशक नव्हता. मी टॅब बंद केला, त्याच्याजवळ बसले, त्याच्या परवानगीने वर्गशिक्षिकेला बोलावलं, आणि त्याच्या मामाला बोलावून दोघांना जिल्हा रुग्णालयात नेलं. त्या दिवशी माझा कोटा अपुरा राहिला आणि पैसे कापले गेले. तो आता आयटीआय करतो. आज निदान १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, दिवसरात्र आणि मराठीतही. पण तुमच्या सर्वेक्षणाच्या करारात, या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या मुलाचं त्याच तासात काय करायचं याची ओळ आहे का, ते बघा. नसेल तर तो प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मोजूच नये का? नेमकं उलट. नीट मोजलं की काय कळतं याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या 'संगत' संस्थेने सत्तरहून अधिक सरकारी शाळांत एक प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचं वातावरण सुधारायचा एकच कार्यक्रम, पण काही शाळांत तो स्थानिक, खास त्या कामासाठी नेमलेल्या आणि मानसशास्त्राची मोठी पदवी नसलेल्या माणसाने चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने, आणि काही शाळांत तो नव्हताच. चिठ्ठ्या टाकून वाटणी. नेमलेल्या माणसाच्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटू लागली, दादागिरी कमी झाली, उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत, तोच कार्यक्रम असून, तो नसलेल्या शाळांपेक्षा फरक पडला नाही. आता तुमच्या प्रस्तावांत सगळ्यात आवडता शब्द कोणता आहे? 'शिक्षक प्रशिक्षण.' दोन दिवसांची कार्यशाळा, माणशी खर्च थोडा, आणि 'पोहोचलेले विद्यार्थी' या रकान्यात प्रत्येक शिक्षकामागे त्याचा अख्खा वर्ग. शिक्षकांवर माझा राग नाही. जनगणना, निवडणूक, खिचडी, ऑनलाइन माहिती, सगळं त्यांच्याच गळ्यात आहे. शिवाय गुण देणाऱ्या माणसाजवळ पोर मनातलं कसं बोलेल?

दुसरं उदाहरण आपल्या अमरावतीचं. मोठ्या माणसांचा कार्यक्रम होता, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवरचा, तीस गावांतला. त्यांनी आमच्याकडे किती जण आले हे मोजून थांबायचं नाकारलं. गावात घरोघर जाऊन विचारलं : ज्यांना आज नैराश्याचा त्रास आहे त्यांच्यापैकी किती जणांना उपचार मिळाला? आधी शंभरात चार, नंतर शंभरात सत्तावीस. यश मोठं, आणि तरीही त्र्याहत्तर जण बाकी आहेत हे त्याच आकड्यात दिसतं. तुमच्या वार्षिक अहवालात 'बारा हजार किशोरवयीनांपर्यंत पोहोचलो' असं छापता, त्याच्याखाली छेद, म्हणजे एकूण किती जणांना गरज होती तो आकडा, कुठे असतो?

आणि इंग्लंड. तिथे ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे देऊन पाहिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा झाला नाही. तो त्यांनी जगासमोर छापला. कुणाची संस्था बुडाली नाही. आमच्याकडे असा अहवाल मी अजून पाहिलेला नाही. आमचे सगळेच कार्यक्रम यशस्वी होतात. एवढं यश असूनही २०२२ च्या राष्ट्रीय नोंदीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या राज्यात. हा आकडा तुमच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या स्लाइडवर असतो. शेवटच्या स्लाइडवर गुलाबाची फुलं. एका तालुक्यातल्या एका प्रकल्पाने हा आकडा हलला की नाही हे मोजता येणारच नाही, इतकी ती संख्या एका तालुक्यापुरती लहान असते. म्हणून कृपा करून तो आकडा दाखवून पैसे मागणाऱ्याला आधी विचारा की तू नेमकं काय बदलणार आणि ते आम्हाला कसं दिसणार.

पैशाचं बोलू. २०२१ च्या जानेवारीत सीएसआरचे नियम बदलले. ज्या कंपनीची आधीच्या तीन वर्षांतली सरासरी सीएसआर जबाबदारी दहा कोटी किंवा अधिक आहे, तिने एक कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पाचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचं, तेही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. पुढे २०२२ मध्ये त्यासाठीची खर्चाची मर्यादा बदलून त्या वर्षीच्या सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा पन्नास लाख, यांत जास्त असेल ती झाली. म्हणजे कायद्याने तुम्हाला पैसेही दिले आणि वर्षभर थांबायची मुभाही. वर्षानंतर काय उरलं हा खरा प्रश्न आहे, आणि नियमाने तो नेमका विचारलाय. पण होतं काय? प्रकल्प सुरू होताना कुणी मोजलेलंच नसतं. मग वर्षाने एक टीम येते आणि मुलांना विचारते, "आधीपेक्षा आता कसं वाटतं?" पुन्हा सगळे हात वर.

त्यात २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. चांगलंच झालं. आता पुढची काही वर्षं 'नेमलेले समुपदेशक' हा रकाना फुगत जाईल, आणि त्यातले किती जण एका खोलीत, दार लावून, मुलाशी अर्धा तास बोलू शकतात हे कुणी विचारणार नाही. मला स्वतःला पाच वर्षं खोली नव्हती. मी प्रयोगशाळेत बसायचे, सांगाड्याशेजारी.

माझं मागणं फार नाही. निधी जूनमध्ये सुरू होईल असा करार करा, आणि दोन्ही मोजण्या वर्षातल्या एकाच महिन्यात घ्या. सगळ्या शाळा पहिल्याच वर्षी घ्यायचा हट्ट सोडा. निम्म्या या वर्षी, निम्म्या पुढच्या वर्षी, आणि कोण आधी हे सरपंचाच्या ओळखीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा. त्यात कुणावर अन्याय नाही, कारण एका वर्षात सगळ्यांना पुरेल एवढी माणसं तशीही तुमच्याकडे नसतात. जी मुलं दुसऱ्या मोजणीत सापडत नाहीत त्यांना शोधायला वेगळे पैसे ठेवा, एसटीचं भाडं, दोन माणसं, चार दिवस. जी तरीही सापडणार नाहीत त्यांची पहिली मोजणी अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. फॉर्ममध्ये 'लग्न' हा पर्याय घाला. त्यावर खूण झाली की ती खूण नुसती अहवालात जाणार नाही, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांपर्यंत जाईल, हेही आधीच ठरवून ठेवा. आणि 'उपयोग झाला नाही' असा अहवाल देणाऱ्या संस्थेचा करार त्या एका कारणावरून तोडणार नाही, हे करारातच लिहा. हे शेवटचं तुम्ही लिहून दिल्याशिवाय बाकीचं काहीही मागू नका. भाकरी ज्या उत्तरावर अवलंबून आहे तेच उत्तर आम्ही देणार. मी आठ वर्षं दिलंय.

पुढची पाहणी डिसेंबरात ठेवा, शाळेत न ठेवता कारखान्याच्या अड्ड्यावर. मी सोबत येईन, आमच्या गावच्या टोळ्या कुठे उतरतात ते मला माहीत आहे. मुक्काम जवळच करावा लागेल. पहाटे चारनंतर माणसं फडात जातात, मग कोप्यांवर लहान पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच राहतात. टॅब आणलात तर चार्जिंगची सोय करून आणा, तिथे लाइट नसते.

कळावे,
आपली,
एक माजी समुपदेशक, बीड जिल्हा